बारावा बंद

मल्लप्पाअण्णांच्या बाहेरच्या खोलीत मी पहिल्यांदा शिरलो, तेव्हा भिंतीला टेकून पाच माणसं उभी होती आणि एकालाही डोकं नव्हतं. नुकतेच दिवे गेले होते. पंखा थांबला, तरी एकाची बाही हलली. मी दारातच "आई गं!" म्हणून किंचाळलो. शिलाई मशीनमागून आवाज आला, "वरडू नको. कच्च्या टाक्यावर हायत ती, उसवतील."

अण्णांनी उभा जन्म रेल्वेत गार्डाची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर जुन्या काळचे कपडे घरी शिवायचा नाद लागला. जुन्या चित्रांत बघायचं, नवी पेठेतून कापड आणायचं, पायघोळ जामा नाहीतर अंगरखा शिवायचा आणि खुंटीला टांगायचा. विकायचं नाव नाही. मापासाठी पुतळा नव्हता, म्हणून शेजारचा मी. हौशी नाटकांत राजापासून राक्षसापर्यंत सगळं केलेला माणूस हात पसरून हवा तितका वेळ उभा राहतो!

"नाटक्या, श्वास घेऊ नको," अण्णा म्हणायचे. "मेलेल्याचं माप लई बरोबर येतं."

पण अंगावर असलेल्या कपड्याला टाका घालू द्यायचे नाहीत. सुटलेली गुंडीसुद्धा सदरा काढूनच लावायची. "अंगावर शिवतात ते फकस्त मेलेल्याचं," असं म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा.

मग डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, तेही लवकर. अण्णांनी स्वतःसाठी बाराबंदी शिवायला घेतली. पुढून पदरावर पदर घेऊन बारा बंदांनी बांधायचा हा पांढरा अंगरखा आमच्याकडे संक्रांतीच्या जत्रेत अजून घालतात. माप अर्थात माझंच. आपण अजून नाटक्याएवढेच रुंद आहोत, अशी त्यांची समजूत होती. "हे झालं की जातो दवाखान्यात," म्हणाले. अकरा बंद भराभर लागले. बारावा काही लागेना. आठवडे गेले. जिना चढताना त्यांचे ओठ निळे पडायला लागले.

त्यांच्या बायकोनं, नीलाक्कानं, मला जिन्यात गाठलं. "कपडा पुरा झाला की आपण बी पुरे, असं घेतलंय डोक्यात. भ्यालाय ओ माणूस. तुमी काय तर करा की!"

मी अण्णांना सरळच विचारलं. ते हसले आणि हातातली कात्री खाली ठेवली. "गार्डानं हिरवा झेंडा दाखवल्याबिगर गाडी हालत न्हाय, नाटक्या. बारावा बंद माझा झेंडा हाय. मी न्हाय दाखवत."

दुसऱ्या दिवशी मी ती बाराबंदी अंगात चढवली, अकरा बंद बांधले, बारावा छातीवर धरला आणि सुई उगारून राक्षसाच्या आवाजात गरजलो, "अण्णा, मीच लावतो! अंगावरच!"

सुईचं टोक कापडात गेलं. अण्णांचा चेहरा चुन्यासारखा झाला. इतके दिवस स्वतःच्या मरणाला भिणारा माणूस आता माझ्या मरणाला भ्याला होता. त्यांनी माझं मनगट पकडलं. ती बोटं इतकी गार होती, की माझंही नाटक तिथंच संपलं.

"काढ! पोरंबाळं हायत की रं तुला! काढ आदी!"

"मग दवाखान्यात चला."

"जातो रं बाबा! पण ती सुई काढ!"

आणि गेले. ऑपरेशन पार पडलं. पुढं दोन हिवाळे अण्णा मापासाठी मला हात पसरून उभं करत राहिले. बाराव्या बंदाचं विचारलं की म्हणायचे, "सिग्नल लाल हाय अजून." एका दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपले, ते उठले नाहीत.

नीलाक्का बाराबंदी घेऊन माझ्याकडं आली. "तुमच्याच मापाची हाय. घाला."

संक्रांतीला मी ती घालतो. दर वेळी बायको सुईदोरा घेऊन पुढं येते. "काढून द्या की, लावते बारावा." आणि गल्लीभर भुतांच्या गोष्टी सांगून पोरांना रडवणारा मी दोन पावलं मागं सरतो. "राहू दे," म्हणतो.

छातीवर एका जागी पदर उघडा पडतो. सकाळचा गार वारा तिथून आत शिरतो, झोंबतो. बरं वाटतं.