तीन इथले, एक पाहुणी

मी आयुष्यभर जुन्नरच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. त्यामुळे हे सगळं मला इंग्रजीत लिहिता आलं असतं आणि तुम्हा दोघांना ते स्वतःचं स्वतः वाचता आलं असतं. मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. म्हणजे हे तुमच्या बाबालाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. त्यानं मधली वाक्यं गाळू नयेत, एवढीच अपेक्षा आहे.

गेल्या वर्षी मी तुमच्याकडे वेलिंग्टनला आले, तेव्हा आजी फिरायला आली असं तुम्ही शाळेत सांगितलंत. तुमची चूक नाही, घरात तेच बोललं जात होतं. पण मी फिरायला आले नव्हते. मी राहायला आले होते. तसं मी कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं, कारण आमच्याकडे ते तोंडानं सांगायचं नसतं.

तुमचे आजोबा गेल्यावर मी राजुरीच्या घरात एकटीच होते. वर्षश्राद्ध झालं आणि तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, आता तू इकडे ये." किती दिवसांसाठी ते तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. पोटच्या मुलाला असं कुणी विचारतं का?

आपलं घराणं मूळचं मेंढपाळांचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाटघरवरून नाणेघाट उतरायचा, कोकणात रानोरान हिंडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत वर यायचं, असा त्यांचा क्रम होता. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, अंथरूण, लहान पोरं आणि त्या सगळ्याच्या वर देवांची पेटी. देव म्हणजे टाक, चांदीच्या पत्र्यावर ठसवलेल्या लहान मूर्ती. मुक्कामाला पोचलं की घरातली मोठी बाई आधी देव उतरवायची आणि मग चूल मांडायची. देव उतरवले की ती जागा घर झाली. पुढे जमीन आली, मेंढरं गेली, घरात शिक्षण आलं. माझ्यासारखी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली सूनही आली. तरी ही एक रीत राहिली. जेजुरीला देवभेटीला नेतात तेवढं सोडलं, तर देव घरातून हलत नाहीत. हलले, तर बिऱ्हाड हललं असं समजायचं.

तेव्हा मी घर आवरलं. म्हैस दिरांच्या गोठ्यात बांधली, किल्ली त्यांच्याकडे दिली, आणि पाचही टाक नव्या लाल कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवले. माझी धाकटी जाऊ दारात उभी राहून सगळं पाहत होती.

"देव नेताय म्हंजी आता परत यायचं न्हाई तर," ती म्हणाली.

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय, बाई? देव काय फिरायला जात्यात व्हय?"

मी हसले. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते. तिच्या बोलण्यात थोडा हेवा होता आणि तो मला आवडला होता.

तुमच्याकडच्या विमानतळावर सामान फार बारकाईनं तपासतात. तिथल्या माणसानं कापड सोडून हे काय आहे ते विचारलं. आमच्या घरचे देव आहेत, असं मी सांगितलं. त्यानं एक टाक उलटसुलट पाहिला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

पहिल्याच संध्याकाळी मी ते तुमच्या बैठकीतल्या टेबलावर मांडले आणि बाबा कामावरून यायची वाट पाहत बसले. लहानपणी याच टाकांपुढे तो उघड्या अंगानं बसायचा आणि भंडारा कपाळापेक्षा नाकालाच जास्त फासायचा. तो आला, एक टाक उचलला, वजन पाहिल्यासारखा तळहातावर धरला आणि म्हणाला, "मस्त आहेत गं. शोकेसमध्ये लावू. तिथं लाइट छान पडतो." मग तुमच्या पोहण्याच्या बक्षिसांच्या कपांशेजारी आणि बालीहून आणलेल्या लाकडी पोपटाच्या अलीकडे देवांना जागा मिळाली. धाकट्यानं दुसऱ्या दिवशी मित्राला ते दाखवले. फार जुने आहेत, भारतातले आहेत, असं सांगितलं. मी मनाला समजावलं की माणूस दमून आला होता, उद्या बोलेल.

उद्या आला तो फिरण्याचा बेत घेऊन. प्रत्येक शनिवार-रविवार त्यानं आखून ठेवला होता. मला नीटनेटकेपणा आवडतो. दुसऱ्या कुणी असा बेत आखला असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं.

तुमचं शहर सुंदर आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बाजारपेठेतून निघून डोंगरावर चढणारी ती लाल केबल कार, वर जुन्या डब्यांचं छोटंसं संग्रहालय, तिथून उतरत जाणारी बाग. डोंगरमाथ्यावरून एका नजरेत सगळं बंदर दिसतं आणि वारा असा की पदर धरून ठेवावा लागतो. घाटघरच्या कड्यावर अगदी असाच वारा असतो, असं मी म्हटलं. कुणाला ऐकू आलं नाही.

वेधशाळेत थोरलीला दुर्बिणीपासून हलवत नव्हतं. मी तिला सांगितलं की आपल्या राजुरीपासून जवळच खोडदला याहून कितीतरी मोठ्या अँटेना कांद्याच्या वावरांशेजारी उभ्या आहेत आणि त्या आकाशाचं बोलणं ऐकतात. तिनं मराठी-इंग्रजी मिसळून विचारलं, "मग बाबानं आम्हाला कधी दाखवल्या का नाहीत?" बाबा फोटो काढत होता.

सुट्टीचे दिवस असे जायचे. इतर दिवशी घरात कुणी नसे. मी तुमचे डबे करीन म्हटलं, कपड्यांच्या घड्या घालीन म्हटलं. तुमची आई वाईट बोलणारी बाई नव्हे. ती दर वेळी गोड आवाजात म्हणायची, "राहू द्या हो आई, तुम्ही फिरायला आलात, आराम करा." मी माझी बॅग रिकामी करून कपाटावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पलंगाशेजारी उभी होती. वर ठेवली तर नंतर काढायला त्रास होईल म्हणे.

मग तो रविवार आला. पाऊस तिरपा लागत होता म्हणून डोंगराचा बेत रद्द करून बाबानं आपल्याला बंदरावरच्या मोठ्या संग्रहालयात नेलं. तुमची आई कामावर होती. तुमच्या देशात राहणाऱ्यांना प्रवेश मोफत, बाहेरून आलेल्यांना तिकीट, असा नियम. खिडकीवरच्या मुलीनं हसून विचारलं, इथले किती, पाहुणे किती.

"तीन इथले, एक पाहुणी," तुमचा बाबा म्हणाला.

इंग्रजीत म्हणाला, आणि पाकीट काढायला खिशात हात घातला. माझ्याकडे पाहिलं नाही. उत्तर बरोबर होतं. माझ्या व्हिसावर तेच लिहिलं होतं आणि तो मी स्वतः वाचला होता. पण तुम्ही दोघं माझा एकेक हात धरून उभे होतात, आणि खरं उत्तर देतानाही माणसाची जीभ जराशी अडखळू शकते. त्याची अडखळली नाही.

आत त्या भूमीच्या मूळ लोकांच्या पूर्वजांचं दालन होतं. लाकडात कोरलेले मोठमोठे चेहरे. त्यांच्यातलंच एक कुटुंब तिथं आलं होतं. पुढे एक म्हातारी, मागे मुलं-नातवंडं. एका कोरीव खांबासमोर उभं राहून ती काहीतरी लांब सुरात म्हणू लागली आणि मागच्यांनी साथ दिली. बघे आपोआप बाजूला झाले. ती म्हातारी कोणाशी बोलतेय, असं धाकट्यानं मला विचारलं. घरच्या माणसाशी, मी सांगितलं. मला आणखी थांबायचं होतं. पण बाबा म्हणाला, चला, खाली तो समुद्रातला भला मोठा स्क्विड बघायचाय.

नंतर खालच्या उपाहारगृहात तुम्ही दोघं काचेतले केक निवडायला गेलात, तेव्हा मी त्याला म्हटलं, "मी देव आणलेत."

"हो, बघितलं ना."

"देव आणलेत म्हणजे काय, ते माहीत आहे ना तुला?"

तो कपातला चमचा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती. आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला माहीत आहे. पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं त्याला. टाक तळहातावर वजन पाहिल्यासारखा धरला होता तो तेवढ्यासाठीच. शोकेस हे त्याचं उत्तर होतं. परदेशात राहून मुलगा रीत विसरला, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. तो विसरला नव्हता.

"आई, परतीचं तिकीट आहे ना तुझं," तो म्हणाला.

"ते व्हिसासाठी काढावं लागतं म्हणून काढलंय, असं मला वाटलं."

"तुला इथं करमणार नाही. आम्ही दिवसभर बाहेर. तिकडं तुझी माणसं आहेत."

"आणि तू कोण?"

तेवढ्यात तुम्ही केक घेऊन आलात. उरलेल्या आठवड्यांत मीही तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. राहिलेली सगळी ठिकाणं पाहिली, सगळीकडे फोटोला उभी राहिले. निघायच्या आदल्या दिवशी शोकेसमधून देव काढून कापडात बांधले. त्या फळीवर तुमच्या आईनं लगेच काही ठेवलं नाही, तेवढं तिचं बरं वाटलं.

राजुरीला पोचले तेव्हा जाऊ अंगणात लसूण निवडत होती.

"आलात व्हय?" तिनं पिशवीकडे पाहिलं. "आन देव?"

"देवही आले."

"मग येवढ्या लांब नेऊन दावलं काय त्यास्नी?"

"समुद्र," मी म्हटलं.

ती हसली नाही. उठून तिनं माझ्या हातावर पाणी घातलं आणि किल्ली आणायला आत गेली. तिच्या टोमण्यापेक्षा ते पाणी मला जास्त लागलं.

महिनाभर टाक माझ्याकडेच होते. रोज पूजा करताना एकच विचार यायचा, माझ्यानंतर कोण? चांदीच्या वस्तू म्हणून कुणीही ठेवून घेईल. सकाळी आंघोळ करून हळद वाहणारं कोण? एके दिवशी मी दिरांना सांगितलं आणि त्यांच्या धाकट्या सुनेनं देव नेले. चिंचेनं घासून लख्ख केले आणि आपल्या देवघरात मांडले. तुमच्या बाबाला मी फोनवर कळवलं. तो म्हणाला, "बरं झालं. तुझ्यामागची एक जबाबदारी कमी झाली."

त्याच फोनवर त्यानं सांगितलं की नाताळच्या सुट्टीत तुम्ही सगळे इकडे येताय, धरणाजवळच्या रिसॉर्टमध्ये खोल्या घेतल्यात, कारण घरची न्हाणी तुम्हाला गैरसोयीची होईल. काय काय बघण्यासारखं आहे, असं त्यानं मलाच विचारलं. मी सांगितलं. शिवनेरीवर ऊन चढायच्या आत जा. नाणेघाटात कड्याच्या फार पुढे जाऊ नका, खालून येणारा वारा माणसाला मागे लोटतो खरा, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. खोडदला अँटेना बघायला कधी सोडतात ते आधी विचारून घ्या.

या फिरण्यात वेळ उरला तर दिरांच्या घरीही चहाला जा. चपला पायरीखाली काढा. आत गेल्यावर डाव्या हाताला देवघर आहे. नमस्कार करा, त्यांच्या सुनेनं भंडारा लावला तर लावून घ्या, फोटो काढू नका. आणि थोरले, तुला सगळ्याला 'आमचं' म्हणायची सवय आहे म्हणून सांगते, तिच्यासमोर त्यांना 'आमचे देव' म्हणू नकोस. ते आता तिचे आहेत.