तिच्या बोलण्याखालच्या ओळी

इचलकरंजीला यंत्रमागावर उभं राहून राहून माझे कान गेले. त्या खडखडाटात आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो. बायकोलाही तीच सवय लागली. घरातसुद्धा समोर येऊन, तोंड मोठं करून बोलायची. शेजारणी हसायच्या, तिला फरक पडायचा नाही.

म्हातारपणी लेकीनं आम्हा दोघांना जयपूरला आणलं, मुरलीपुऱ्यातल्या तिच्या घरी. ती व्हिडिओखाली अक्षरं टाकायचं काम करते.

गेल्या थंडीत बायको गेली. मागं एक व्हिडिओ राहिला. भाकरी करताना लेकीनं काढलेला. त्यात ती भरपूर बोलते, पण तव्याकडं बघून. ओठ दिसत नाहीत, नुसता जबडा हलतो. काय बोलत होती तेवढं मला पाहिजे होतं.

लेकीनं अक्षरं टाकली. पांढरी अक्षरं, खाली ज्वारीचं पांढरं पीठ. काय डोंबल दिसणार? मग तिनं मागं काळी पट्टी घातली. वाचलं: ‘पीठ बारीक हवं. भाकरी हलक्या हातानं थापा.’ अक्षरं संपली तरी जबडा हलतच होता.

“बाकीचं कुठं गेलं?”

तिनं माझ्यासमोर येऊन, आईसारखं तोंड मोठं करून सांगितलं, “आबा, सगळं घातलं तर वाचून होत नाही. आमच्या कामात नियम आहे, मतलब, एका वेळी दोनच ओळी, अन् वाचायला पुरेसा वेळ. तुम्ही तर बोट ठेवून वाचता.”

“चौथी शिकलोय. बोट ठेवीन नाहीतर पाय ठेवीन. तुझी आई असं सरकारी कधी बोलली का?”

दुसऱ्या दिवशी लेकीनं सगळं घालून दिलं.

‘चक्कीवाल्या भैयाला म्हटलं बारीक दळ, तर मेल्यानं रवा करून दिला. आता थापू कशी, माझं डोस्कं? अन् तुझे आबा बसलेत बघ ताट घेऊन, जसे काय जावईच!’

हीच ती. पण ओळी पळतात. मी ‘मेल्यानं’पर्यंत पोचतो तोवर भाकरी तव्यावर. म्हणून लेकीनं टीव्हीच्या रिमोटवर चित्र थांबवायचं बटण दाखवलं. आता रोज सकाळी मी बायकोला ओळीओळीला थांबवतो. हात वर, जबडा उघडा. टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवून शेवटपर्यंत वाचतो.

“जावई कुणाला म्हणतेस गं?” मी मोठ्यानं विचारतो आणि बटण दाबतो. ती भाकरी उलटते.