जांभळी साडी आणि रिकामं कोर्ट

आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं आणि चौकात वाटायचं, हेच माझं शिक्षण. नाशिकच्या कोर्टात गुन्ह्याला बळी पडलेल्यांना आधार देणाऱ्या सरकारी ताईंच्या हाताखाली आले, तेव्हाही पहिल्याच आठवड्यात पत्रक छापून आणलं.

कामावरच्या मुकादमाने एका बाईवर हात टाकला होता. मी पत्रक आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची साक्ष होती. ताईंनी पत्रक वाचलं.

"नाव घातलं नाहीस. पण गाव घातलंस, काम घातलंस, विधवा आहे तेही घातलंस. मग राहिलं काय गं?"

"लोक पेटले पाहिजेत ताई!"

"तिला साक्ष देऊन सीबीएसवरून बस धरून त्याच गावात परत जायचंय." त्यांनी गठ्ठा कपाटात टाकून कुलूप लावलं. तिचं गाव मी आजही लिहीत नाही.

दुपारी ती बाई आली. "मला नाय बोलता येणार. त्यो समोर असंल. केस मिटवून टाका."

मी हक्कांवर बोलायला तोंड उघडलं, तर ताई म्हणाल्या, "मिटवायचं का, ते उद्या सांग. आधी जागा तर बघ."

जेवणाची सुट्टी होती. शिपायाला विचारून ताईंनी तिला रिकाम्या कोर्टात नेलं, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. "धरायला हे लाकूड आहे. प्रश्न कळला नाही तर नाही कळला म्हणायचं. पाणी मागायचं." मग मला आरोपीच्या जागी उभं केलं. "हा आमचा मुकादम."

ती खुदकन हसली. "याला तर मीच घाबरवीन."

ताई मागच्या बाकावर बसल्या. "मी इथे असणार. उद्याही हीच जांभळी साडी. नजर वर केलीस की दिसेन."

दुसऱ्या दिवशी आरोपीच्या वकिलाने विचारलं, "चार दिवस गप्प का बसलात?" तिने लाकूड घट्ट धरलं. मला उठून घोषणा द्यावीशी वाटली. तिने मागच्या बाकाकडे पाहिलं, पाणी मागितलं, सगळं प्यायली.

"चार दिस वाटलं, माझंच चुकलं. पाचव्या दिशी त्यो दुसऱ्या पोरीच्या मागं लागला. म्हणून आले."

निकाल अजून लागायचा आहे. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "चला मुकादम, बस दाखवा."

ताई आल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या खटल्यातली, नांदगावकडची एक मुलगी येणार होती. तिला रिकामं कोर्ट दाखवायचं होतं.