आबांची गळकी गाडी

“आक्का, तू त्या गाडीला हात लावू नकोस. गळतीय तर गळू दे,” भाऊ फोनवर म्हणाला, तेव्हा नवीन पॅकिंग माझ्या पर्समध्येच होतं. आदल्या संध्याकाळी लॅबमधून सुटल्यावर बारामतीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मी ते घेतलं होतं. पातळ करड्या कागदाचं, इंजिनाच्या झाकणाच्या आकाराचं, मोडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दिलेलं. भावाला मी नुसतं ‘बघू’ म्हणाले. मी बघू म्हणाले की करणारच, हे त्यालाही ठाऊक आहे. त्यानं फोन ठेवला.

रविवार होता. भाऊ आणि भावजय लग्नाला फलटणला गेले होते आणि कळंबच्या घरी आबा, म्हणजे आमचे वडील, एकटेच होते. अशी संधी पुन्हा मिळाली नसती. मी एसटी धरली. माझ्याकडे स्कूटी आहे, पण उसाच्या दिवसांत त्या रस्त्यानं दुचाकी घालायची माझी छाती नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर गाण्यांचा दणदणाट. भवानीनगरच्या अलीकडं आमची एसटी अशाच एका ट्रॉलीमागं अडकली आणि लोंबणाऱ्या वाढ्यांकडं, उसाच्या हिरव्या शेंड्यांकडं बघत मी सीटवर चुळबुळ करत बसले. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, “उतरायचंय का?”

आबा कारखान्यात फिटर होते. निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ही काळी मोटारसायकल घेतली. टाकीचा रंग दोन्ही बाजूंनी गुडघे टेकतात तिथं उडालाय. आई गेल्यापासून दर गुरुवारी, बारामतीच्या बाजारादिवशी, ते हिच्यावरून माझ्याकडं यायचे. पिशवीत मेथी, शेवगा, कधी कागदात गुंडाळलेली अंडी. घटकाभर बसायचे, चहा घ्यायचे, “बाजाराला आलो हुतो” म्हणायचे आणि परत जायचे. बाजारात त्यांनी काही घेतल्याचं मला आठवत नाही.

मग गाडी गळायला लागली, इंजिनातून तेल ठिबकायचं. आमच्या सोसायटीनं पार्किंगमध्ये नुकत्याच नव्या फरशा बसवल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावून डाग दाखवला. बोलल्या गोडच, पण दोनदा बोलल्या. पुढच्या गुरुवारी आबा वर आल्यावर मी गुपचूप खाली जाऊन गाडीखाली पुठ्ठा सरकवला. जाताना त्यांनी तो बघितला. घडी करून भिंतीला टेकवून ठेवला आणि गेले. त्यानंतरच्या गुरुवारी गाडी फाटकाबाहेर गुलमोहराखाली लावून चालत आत आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, “गाडी गळतीय.”

भावाला हायसं वाटलं. त्यालाही कारण होतं. मागच्या हंगामात एका ट्रॉलीला आबांचं हँडल घासलं आणि आरसा फुटला, हे त्याला गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. आम्हाला आबांनी ‘उभी गाडी पडली’ असं सांगितलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. भावाचं म्हणणं सरळ होतं. गाडी गळतीय तोवर म्हातारा रस्त्यावर जात नाही, आणि रस्त्यावर जात नाही तोवर आपल्याला घोर नाही.

पण आबा घरच्या फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून सकाळपासून रस्त्याकडं बघत बसायचे. फोनवर व्हय आणि न्हाय याच्या पुढं जायचे नाहीत. दुरुस्त करावी तर त्या ट्रॉल्यांच्या तोंडी आपण आपल्या हातानं त्यांना द्यायचं, न करावी तर माणूस बसल्या जागी सुकणार. या दोन्हीच्या मधे मी दोनेक महिने नुसती येरझाऱ्या घालत होते. पायाला भिंगरी आहे, असं आई मला म्हणायची. मला काही सुचत नसलं की मी उठून काहीतरी करते. म्हणून पॅकिंग आणलं होतं. निर्णय झाला होता म्हणून नव्हे.

मला बघून आबा खुर्चीतून उठले. पॅकिंग बघितल्यावर मात्र चक्क हसले. अंगणात पोतं अंथरलं, पान्यांची पेटी आणली आणि टी पाना माझ्या हातात दिला.

“तू खोल. मी सांगतो.”

मला नवल वाटलं. आबा पान्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. लहानपणी भावानं एकदा पाना जागेवर ठेवला नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं त्यांनी. पाठ धरली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि बसले.

खालचा नट काढून काळं तेल घमेल्यात सोडलं. किक काढली, पायदान काढलं. मग झाकणाचे बोल्ट. मी भराभरा फिरवत होते, आबा “दमानं, दमानं” करत होते. झाकण निघालं. जुनं पॅकिंग चिकटून बसलं होतं, ते ब्लेडनं खरवडून काढायला भलता वेळ गेला. दर थोड्या वेळानं मी फाटकाकडं बघत होते, भाऊ लवकर परतला तर काय सांगायचं म्हणून. पेट्रोलच्या फडक्यानं सगळं पुसलं, नवीन पॅकिंग बसवलं, झाकण लावलं आणि बोल्ट आवळायला लागले. एक समोरचा, एक त्याच्या तिरक्या बाजूचा. सगळे नीट बसत गेले. खालच्या अंगाचा एक बसेना. पाना फिरतोय, बोल्ट फिरतोय, आणि घट्ट काही होत नाही. काढून बघितला तर त्याला चंदेरी भुसा चिकटलेला. बोल्ट धरणारे आतले आटे झिजून गेले होते.

झालं, म्हटलं. घाईनं वाट लावली. आता आबा बोलणार.

आबांनी तो बोल्ट उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, “च्या कर.”

चहा केला. स्टीलचे दोन्ही पेले ओढणीत धरून आणले आणि ओट्याच्या कडेवर ठेवले. आबांनी त्यांचा उचलला आणि तळहातात धरून बसले. मी माझ्या पेल्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. ते मात्र पाचही बोटांनी पेला धरून समोरच्या उसाकडं बघत होते. खाली ठेवतील म्हणून मी वाट बघितली. ठेवेनात. शेवटी मी तो हिसकावून घेतला.

“आबा, भाजतंय न्हवं!”

त्यांनी तळहात उलटा करून बघितला. लालभडक झाला होता.

“व्हय का?” म्हणाले.

मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. साखरेनं बोटं बधिर झालेली माणसं माझ्या समोरच्या खुर्चीत रोज बसतात. आबा घरी आले की त्यांची साखर मीच तपासायची, बोटाला सुई मीच टोचायची. त्यांची पापणीसुद्धा हलत नसे आणि मी लॅबमध्ये कौतुकानं सांगायची, आमचे आबा फिटर, हाडाचे कडक. मला माझाच इतका संताप आला की पेला मी ओट्यावर आपटला आणि चहा सांडला.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“झालं की बरंच. आवळताना हाताला कळायचं, आता बास म्हणून. आता कळंना. मी आपला आवळत ऱ्हायलो. त्ये आटं तुझ्या हातनं न्हाय गेलं. माझ्याच हातनं गेलं, मागल्या येळंला.”

“आन् ब्रेक?”

आबांनी रस्त्याकडं बघितलं. एक ट्रॅक्टर चालला होता. तो पार लांब गेला.

“ब्रेक दाबलाय का न्हाय, त्ये गाडी थांबल्यावर कळतं,” म्हणाले.

मी उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले. पाना पोत्यावर टाकून दिला. “मग कशाला नीट करायची ही? ऱ्हाऊ द्या अशीच.”

“पॅकिंग आणलंयस न्हवं? मग पुरं कर. अर्धं काम टाकून उठायचं न्हाय.”

हे असलं बोललं की आबांपुढं माझं काही चालत नाही. जुने नट-बोल्ट साठवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांनी पोत्यावर पालथा केला. आधी चिमटीत धरून ते डोळे मिटून बोल्टचं माप सांगायचे. आज ते नुसते बघत होते आणि मी एकेक उचलून दाखवत होते. “त्यो न्हाय. त्यो बी न्हाय. हां, ह्यो.” त्याच जाडीचा, पण थोडा लांब. खोलवरचे आटे अजून शाबूत असतील तर त्यात धरेल, असं त्यांचं म्हणणं. मी बोल्ट घातला, पाना लावला. आबा पान्याकडं बघतच नव्हते, माझ्या मनगटाकडं बघत होते.

“आणिक. आणिक थोडं. बास! बास म्हणलं की.”

बोल्टनं धरलं होतं.

तेल ओतलं. पायदान बसवलं, किक बसवली आणि मारली. गाडी सुरू झाली. पॅकिंगबरोबर आलेल्या पुठ्ठ्यांतला एक इंजिनाखाली सरकवला आणि आम्ही बापलेक त्या पुठ्ठ्याकडं बघत बसलो. खोटं कशाला सांगू, एक थेंब पडावा असं मला वाटत होतं. एकच पडला असता तर मी म्हणणार होते, आबा, नाही होत, सोडा आता. स्वतः इतकं खपून केलेलं काम फसावं म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. पुठ्ठा कोराच राहिला.

आबा वाकले. झाकणाच्या जोडावरून त्यांनी बोट फिरवलं आणि मग ते बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. ओलं आहे का कोरडं, तेही त्यांना बघूनच कळणार होतं.

“कोरडी हाय,” म्हणाले. गाडी बंद करून त्यांनी चावी काढली आणि माझ्यापुढं धरली. “जा घिऊन.”

“कुठं?”

“बारामतीला. तुझ्या घरी.”

एसटीत बसल्या बसल्या मी सगळी वाक्यं जुळवली होती. उसाचा हंगाम संपेपर्यंत तरी नको, आबा. माझी शपथ आहे, आबा. त्यातल्या एकाचाही आता उपयोग नव्हता. उलट माझ्या तोंडून भलतंच निघालं. “असं काय करता? दिवसाउजेडी यायचं, कडंकडंनं, दमानं. गुरुवारचं एकच दिस. काय हुतंय?” बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं, पण थांबता येईना. त्यांनी भांडायला हवं होतं. ही माझी गाडी आहे, तू कोण सांगणार, असं ओरडायला हवं होतं.

“आक्का, मी फिटर हाय,” आबा म्हणाले. “ज्या हाताला आवळल्यालं कळत न्हाय, त्येनं हँडल धरू न्हाय.”

“मग गळती बंद व्हायची वाट कशाला बघत बसला हुता इतकं दिस?”

“गळकी गाडी लेकीच्या दारात कशी लावू? तुला पुठ्ठा टाकायला लागतो.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. ते अगदी साधं बोलले, मेथी ताजी आहे म्हणून सांगावं तसं. मी ओढणीला हात पुसले. चावी मी घेतली.

कॉलेजात असताना आबांनीच मला गियरची गाडी शिकवली होती, कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यावर. हाताला आठवत होतं. ऊन उतरायच्या आत निघ, ट्रॉलीच्या मागनं जाऊ नको, ओव्हरटेकला हॉर्न दे, आबांचं मला सगळं सांगून झालं. फाटकातून बाहेर पडताना माझे गुडघे टाकीला टेकले, रंग उडालेल्या जागेच्या थोडे वर. आरशात, नवीन बसवलेल्या आरशात, आबा दिसत होते. खुर्चीत बसले नव्हते, उभे होते.

सगळा रस्ता मी भीत भीत आले. सणसरजवळ एका ट्रॉलीशेजारून जाताना उसाचं वाढं खांद्याला लागलं आणि मी मोठ्यानं ओरडले. ट्रॅक्टरवरच्या गाण्यांत ते कुणाला ऐकूही गेलं नसेल. या रस्त्यानं हा माणूस, ब्रेक लागलाय का नाही हे कळत नसताना, माझ्याकडं मेथी घेऊन यायचा. पोचले तेव्हा स्टँड तिसऱ्या खेपेला लागला. गाडी नव्या फरशीवर लावली, फोन केला.

“पोचले.”

“खाली बघितलंस का?”

“बघितलं. कोरडं हाय.”

“मग झ्याक झालं,” म्हणाले आणि फोन ठेवला. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि काकूंच्या दारासमोरच रडले.

आल्या गुरुवारी सकाळी मी चपात्या लाटत होते. खाली तसलाच आवाज आला, जुन्या गाडीचा, चढावर जरा घुटमळणारा. लाटणं तसंच हातात घेऊन मी गॅलरीत धावले. दूधवाला होता. त्याच्या पलीकडं, फरशीवर, आबांची गाडी उभी होती, कोरडी ठणठणीत.