आईने पाहिलेल्या मॅचेस

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या प्लॅटफॉर्मवर आई माझ्या किट बॅगेची चेन पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. आत रग्बीच्या बुटांशेजारी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि दाण्याची चटणी कोंबलेली होती आणि डब्यांची झाकणं घट्ट बसली आहेत यावर तिचा विश्वास नव्हता. मी एकोणीस वर्षांचा होतो. ग्लासगोच्या एका प्रोफेशनल रग्बी क्लबने मला अकॅडमी कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, म्हणून लंडनला गाडी बदलून स्कॉटलंडला निघालो होतो. ओळखीतल्या मराठी घरांतली मुलं मेडिसिनला नाहीतर अकाउंटन्सीला जात होती. त्यांच्या आयांना आईने एवढंच सांगितलं होतं, "मंदार स्पोर्ट्समध्ये काहीतरी करतोय."

बाबा गाडी येईपर्यंत पाठीमागे हात बांधून टाइमटेबल वाचत उभे होते. गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "हे बघ, काही मोडलं तर परत ये. आणि नाही मोडलं तरी ये."

तसं पाहिलं तर घर सोडण्याची ही माझी दुसरी खेप. पहिल्यांदा चिंचवड सोडलं तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. कॉम्प्युटरवाल्यांची वायटूकेची धामधूम होती, बाबांच्या कंपनीने त्यांना बेसिंगस्टोकला पाठवलं आणि त्यांच्यामागून आम्ही दोघं आलो. विमानात मी रडलो तो आमच्या कबड्डीच्या संघासाठी. चिंचवडच्या त्या मैदानावरच्या मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर सांगतो, माझी सगळी पुढची कमाई तुमच्याकडून शिकलेल्या पकडीवर झाली.

कारण नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात एक दांडगा मुलगा तो लांबट चेंडू काखेत धरून माझ्या अंगावर धावत आला. काय करायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी श्वास कोंडला, खाली सूर मारला आणि त्याचे घोटे धरले. तो धाडकन आडवा. पीईचे, म्हणजे खेळाचे, सर पळत आले, मला वाटलं आता शिक्षा.

"हे तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

माझं इंग्रजी तेव्हा घाबरलं की गोठायचं. मी म्हणालो, "चिंचवड, सर."

पुढे कित्येक महिने ते समजत होते की मिस्टर चिंचवड नावाचे माझे कोणी कोच आहेत.

ग्लासगोत मात्र सगळेच दांडगे होते आणि सगळ्यांनाच टॅकल करता यायचं. मी फ्लँकर खेळायचो. फ्लँकरचं काम थोडक्यात असं, की समोरच्याला पाडायचं, लगेच उठायचं आणि पुढच्याला पाडायला धावायचं. ट्रेनिंगनंतर जिना चढताना कठडा धरावा लागायचा. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा आणि मला पुण्याचीच काय, बेसिंगस्टोकचीही आठवण यायची. हे नवीनच होतं. बेसिंगस्टोक कोणाला आठवतं?

माझ्या फ्लॅटमध्ये क्लबातलाच कॅलम होता. डोंगराळ भागातल्या मेंढपाळाचा मुलगा, मानेऐवजी नुसते खांदेच असल्यासारखा. तो माझ्या नावाचं 'मॅन्डी', म्हणजे चक्क मुलीचं नाव, करून मोकळा झाला आणि आठवड्याभरात सगळा क्लब मला मॅन्डी म्हणू लागला. मी चिडलो की तो माझ्या चटणीच्या डब्यात टोस्ट बुडवत म्हणायचा, "तुझ्या आईला सांग, संपत आली."

दुसऱ्या सीझनला मला फर्स्ट टीममध्ये घेतलं. घरच्या मैदानावरची पहिली मॅच शनिवारी होती. आई-बाबा आदल्या दिवशीच गाडीने आले. बाबांनी सूट घातला होता, वर ऑफिसचा रेनकोट. आई मैदानापर्यंत आली, पण मॅच बघायला काही बसली नाही. स्टँडच्या खाली चहाचा स्टॉल होता, तिथे भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली. वर आरडाओरडा झाला की चहावालीला विचारायची, "काय झालं? कोणी पडलं का?" रग्बीत दर मिनिटाला कोणी ना कोणी पडतं. ती बिचारी बाई प्रत्येक वेळी वर जाऊन बघून यायची.

बाबा मात्र स्टँडमध्ये उभे होते. त्यांना नियम एकही कळत नव्हता, पण कबड्डी कळत होती. मी कोणाच्या मागे धावलो की ते जिवाच्या आकांताने ओरडायचे, "पाय! मंदार, पाय!" म्हणजे पाय धर. आता ग्लासगोत मॅच बघताना लोक मैद्याच्या पारीत मटण भरून भाजलेला एक गरम पदार्थ खातात, आणि इंग्रजीत त्यालाही पायच म्हणतात. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, या भल्या माणसाला फार भूक लागलीय. त्याने जाऊन एक पाय आणला आणि बाबांच्या हातात ठेवला. बाबा शाकाहारी, त्यातून त्यांचा शनिवारचा उपास. पण नाही म्हणणं त्यांना जमेना. मॅच संपेपर्यंत तो गरम पाय त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला. "हात छान शेकले," असं नंतर म्हणाले. त्या स्टँडमधली मंडळी पुढे दोन-तीन वर्षं माझ्या प्रत्येक टॅकलला "पाय!" ओरडायची. का ओरडतो हे त्यांच्यातल्या निम्म्यांना ठाऊकही नव्हतं.

मग चिंचवडला आजी पडली, तिला सांभाळायला कोणी हवं होतं. आई-बाबांनी बेसिंगस्टोकचं घर सोडलं आणि ते कायमचे परत गेले. हे मला फार विचित्र वाटलं. घर सोडून जायचं ते मुलाने. इथे घरच उठून निघून गेलं होतं. मी कॉलिंग कार्ड घेऊन दर रविवारी फोन करायचो. आई पहिला प्रश्न विचारायची, "लागलं नाही ना?" आणि उत्तर मिळाल्यावरच बाकीचं बोलायची.

एका रविवारी तिने विचारलं आणि मी म्हणालो, "लागलं, आई."

आदल्या दिवशी रकमध्ये, म्हणजे चेंडूवर दोन्हीकडची माणसं कोसळतात त्या ढिगाऱ्यात, माझा पाय खाली अडकला आणि वरून वजन आलं. गुडघ्यातलं जे जे तुटू शकतं ते तुटलं होतं. सर्जन बाई प्रेमळ होत्या. म्हणाल्या, "तू चालशील. मुलांबरोबर पळशीलही. पण हा खेळ संपला." मी चोवीस वर्षांचा होतो.

आई आली. आजीपाशी बाबांना ठेवून एकटी आली, आणि मला घेऊन जायला आली होती. चिंचवडला माझी खोली लावून झाली होती. रग्बीसाठी अर्धवट सोडलेली डिग्री पुण्यात पुरी करायची, असं बाबांनी ठरवलं होतं. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिजिओकडून आलो की कॅलम मला पाठीवर घेऊन वर चढायचा. पहिल्या दिवशी आईने दार उघडलं, आणि ते दृश्य बघून ती घाईघाईने आत पोळ्या लाटायला गेली.

क्लबने मला माझ्या टॅकल्सची डीव्हीडी दिली होती, निरोपाची भेट म्हणून. ती कपाटावर तशीच पडली होती. एका दुपारी आई म्हणाली, "लाव ती. इतकी वर्षं मी नुसता आवाज ऐकला."

"आई, तुला बघवणार नाही."

"तेव्हा नसतं बघवलं. आता मला माहीत आहे ना, तू उठतोस ते."

ती माझ्या शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. स्क्रीनवर मी पडत होतो, उठत होतो, पुन्हा पडत होतो. प्रत्येक वेळी तिचा हात पदराशी जायचा आणि मी उभा राहिलो की खाली यायचा. "हा तर केवढा होता रे," ती म्हणायची. थोड्या वेळाने चक्क हसायला लागली. "अरे, घोट्यालाच धरलंस की!"

डीव्हीडीच्या शेवटी ती मॅच होती. मी रिमोट उचलला.

"राहू दे," आई म्हणाली. "बघू दे मला."

ढिगारा सुटला, सगळे उठले, मी नाही. मग कॅलम परत फिरला. खेळ पलीकडे चालूच होता, पण तो माझ्याजवळ चिखलात गुडघे टेकून बसला. एका हाताने त्याने माझं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने तो फिजिओला बोलावत राहिला. स्टँडमधली माणसं एक एक करून उभी राहत गेली. कोणीही ओरडत नव्हतं. आई माझ्या गुडघ्याकडे बघतच नव्हती, ती त्यांच्याकडे बघत होती.

"हा इथेच बसून राहिला?"

"अँब्युलन्समध्येही आला."

आई उठली. डोळे पुसले, चहा टाकला. संध्याकाळी फोनवर तिला बाबांशी बोलताना मी ऐकलं. "अहो, आता त्याला परत परत विचारू नका. त्याची माणसं आहेत इथे. मी पाहिली."

मी ग्लासगोतच शिक्षक व्हायचं ठरवलं. शाळेत पीई शिकवायचं. प्रवेशाचं पत्र आई असतानाच आलं. घर कुठलं, असं मला पुष्कळ लोक विचारतात, आणि मी अजून दरवेळी वेगळं उत्तर देतो. पण आई परत निघाली त्या दिवसाचं सांगतो. एअरपोर्टवर मी कुबड्या घेऊन उभा, कॅलम तिची बॅग घेऊन. तिला दोन विमानं बदलून पुण्याला पोचायचं होतं आणि मला फक्त शहरात परत यायचं होतं. तरी सिक्युरिटीच्या रांगेतून वळून तीच म्हणाली, "घरी पोचलास की फोन कर."

त्या तिसऱ्या मजल्याला ती पहिल्यांदाच घर म्हणाली होती. तिच्या लक्षातही आलं नसेल.

फ्लॅटवर येऊन मी चिंचवडला फोन लावला. आई हवेत होती. बाबांनी उचलला.

"पोचलास का घरी?"

"हो बाबा," मी म्हणालो. "आत्ताच पोचलो."