मास्तरांची बुर्जी

कुणाचे प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे गेले की मास्तर चुकचुकत. "दोन घरं उडी मारायला ते काय घोडा हाय?" गुलमंडीत त्यांचे शिलाईचे दुकान होते. निजामाच्या अंमलदारांच्या शेरवान्या शिवलेला हा माणूस पोलीस ॲक्शननंतर कॉलेजच्या पोरांच्या पँटी शिवू लागला. बुद्धिबळ मात्र वडिलांकडून शिकले तेच, जुन्या देशी नियमांचे.

गिऱ्हाइकांनी भरीला घालून त्यांचे नाव जिल्हा स्पर्धेत दिले आणि शेवटच्या फेरीत ते नेमके माझ्यासमोर आले. मी तेव्हा कॉलेजात होते. बरोबरीचा अर्धा गुण मिळाला तरी संघात निवड. नाहीतर पट माळ्यावर, असे बाबांनी बजावले होते.

मी पुस्तकातली ओपनिंग घोकून गेले होते. मास्तरांनी एकेक घर सरकवत प्याद्यांची अशी भिंत उभी केली की माझे सगळे पाठांतर तिथेच संपले. शेवटी माझ्याकडे राजा आणि एक प्यादे उरले. त्यांच्या हत्तीने तेही खाल्ले. आता मात म्हणजे त्यांच्या हातचा मळ. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात मास्तरांनी हात पुढे केला. "बुर्जी झाली, बेटी. बरोबरी!"

देशी खेळात राजा एकटा उरला की बुर्जी, डाव बरोबरीत. स्पर्धेत तसा नियम नव्हता. मला ते माहीत होते. तरी मी हात मिळवला, सही केली आणि निवडली गेले.

दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन सगळे सांगून टाकले. "पंचांकडे जाऊ या," म्हटले.

"हौ? म्हंजी मी जिंकलो व्हतो?" मास्तर मशीन थांबवून पोट धरून हसले. मग म्हणाले, "हात मी दिला नं? दिलेला हात वापस घेत नाय. तू जा खेळायला. पर ते पुढं मात कशी करतेत, तेवढं दाखव."

कापडाचे तुकडे बाजूला सारून त्यांनी पट मांडला. त्यांच्या हत्तीने, माझ्याच हातांनी, मी माझा राजा कडेला रेटत नेला आणि मात केली. मास्तर मान डोलावून म्हणाले, "व्वा! लई झकास."

मास्तर जाऊन बरीच वर्षे झाली. पुढे मी पुष्कळ डाव जिंकले, त्या प्रत्येकासाठी मी त्यांची ऋणी आहे. पण मनापासून खेळलेला डाव विचाराल, तर तो दुकानातला. त्यात मी हरले होते.