जायफळाचे वेढे

हे मी माझ्या नवऱ्याला, नितीनला सांगितलेलं नाही. माझ्या आईला नाही, सख्ख्या भावाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका, मलाच नीट माहीत नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून असेल.

आधी सासूबाईंचं सांगावं लागेल. अकोल्याला आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, कडेला थोडी वांगी-मेथी. आई — मी त्यांना आईच म्हणते — सकाळभर मळ्यात असायच्या आणि दुपारी त्यांच्या ओसरीवर गल्लीतली लेकरं. कोणाचं पोट फुगलं, कोणाला झोप नाही, की बायका बाळ घेऊन हजर. मग सहाण निघायची. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ — एकेक दुधात उगाळायचं. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा, आणि प्रत्येकाचे वेढे ठरलेले. जायफळाचा एकच, कारण त्यानं लेकरू झोपतं. वेढे मोजताना मध्ये कोणी बोललेलं आईंना खपायचं नाही. मी अमरावतीची, भावाचं औषधांचं दुकान. मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. वाटायचं काय, तोंडावर बोलून दाखवायची मी. जीभ माझी पहिल्यापासून तिखट.

नितीन तेव्हा मस्कतला नोकरीला होता. आमची मुलगी अन्वी वर्षाचीही नव्हती, आई तिला बघायला आल्या होत्या — जन्मात पहिल्यांदा विमानात बसून, पेटीत सहाण घेऊन. ईदची सुट्टी लागली आणि नितीननं ठरवलं, गाडीनं ओमानच्या दुसऱ्या टोकाला, सलालाला जायचं. दिवसभराचा रस्ता. सरळ, दोन्हीकडे वाळवंट, ना झाड ना टपरी.

आणि अन्वी रडत होती. म्हणजे कशी? पट्ट्यांच्या त्या खुर्चीत बांधलेलं लेकरू जितकं रडू शकतं तितकी. खेळणं फेकलं, बाटली फेकली. बाहेर काढायची तर सोय नाही. "हिले गप कर न व," नितीन आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, मग म्हणायचा थांबला आणि नुसता वेग वाढवत राहिला. समोरून ट्रक येत होते. आई गाणी म्हणून थकल्या. माझं डोकं भणभणत होतं. आता हे मी कारण म्हणून सांगते का? नाही. रडणारी लेकरं सगळ्यांनाच असतात.

एका पेट्रोल पंपावर आई आणि नितीन उतरले. मी आणि अन्वी गाडीत. माझ्या पर्समध्ये सर्दीच्या औषधाची बाटली होती, भावानं माझ्यासाठी दिलेली. देताना तो स्पष्ट म्हणाला होता, "पोट्टीले देऊ नको बरं, झोपीचं औषध आहे हे." ते वाक्य मला आठवत नव्हतं असं म्हणायला किती बरं वाटलं असतं. पण मला ते आठवलं — म्हणूनच तर बाटली काढली. बुचात ओतलं आणि पाजलं. तिनं अर्धं थुंकलं. मग पुन्हा ओतलं. किती? अंदाजानं.

थोड्या वेळात गाडीत शांतता. नितीन चक्क शीळ घालायला लागला. आई म्हणाल्या, झोपली बापा एकदाची. मला काय वाटलं सांगू? सुख वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

आईंनीच हात लावला तिच्या गालाला. "काहून अशी ढिली पडली व हे?" मी वळून बघितलं. मान एका बाजूला लोंबत होती. हाक मारली, चिमटा काढला, तोंडावर पाणी मारलं. पापणी हलली नाही. श्वास होता, पण कसा, तर मध्येच थांबून विचार केल्यासारखा. नितीननं गाडी कशी हाणली ते त्याचं त्याला माहीत. रस्त्यात एक छोटं गाव लागलं, तिथला दवाखाना.

इथे मी थांबते जरा.

डॉक्टरनं तिला पलंगावर ठेवलं, नाकावर नळी लावली आणि इंग्रजीत विचारलं — बाळाला काय दिलं होतं? मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण नितीननं आईंना विचारलं, "सकाळी घुटी देल्ली का तुनं? जायफळ होतं?" आई म्हणाल्या, एकच वेढा. नितीन ओरडला, "नक्की एकच?" आणि आई बोटांवर मोजून बघायला लागल्या. कारण सकाळी त्या उगाळत असताना मी मध्येच विचारलं होतं, थर्मास कुठे ठेवला म्हणून. आई माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "तू तवा मायासंग बोलली होती न माय... मी मोज चुकली असन."

डॉक्टर माझ्याकडे बघत होता. नितीनला रडू फुटलं होतं. आईंना इंग्रजी येत नाही. मग सांगितलं कोणी? मी. मी सांगितलं, आजीनं जायफळ दिलं, जास्त झालं. त्यानं विचारलं, आणखी काही? कुठलं औषध? मी म्हणाले, नाही.

पर्स माझ्या खांद्यावर होती. बाटली पर्समध्ये.

पुष्कळ वर्षं मी मनाशी म्हणत आले, मी फक्त गप्प राहिले. गप्प राहिले? मी खोटं बोलले, माझ्या पोटच्या पोरीचा श्वास अडकत असताना, तिच्या डॉक्टरशी. तो बिचारा मोबाइलवर जायफळाचं विष शोधत बसला. योग्य नाव माझ्या जिभेवर होतं. ती गेली असती तर बोलले असते का? तेव्हाही नसते बोलले. हे मला पक्कं माहीत आहे, आणि याचीच मला भीती वाटते, माझी स्वतःची.

मी बाथरूममध्ये गेले, बाटली कागदात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

अन्वी वाचली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून माझ्याकडे बघून हसली. बाहेर नितीन आईंना बोलत होता. "तुया गावठी धंद्यापायी मायी पोरगी गेली असती." दारातून मला सगळं ऐकू येत होतं. परत जाताना सहाण आईंनी मस्कतलाच ठेवली. अकोल्याला बायका लेकरं घेऊन आल्या, तर म्हणायच्या, मले आता मोज राह्यत नाई. हळूहळू बायका यायच्या थांबल्या. ओसरीवर दुपारची आता आई एकट्याच बसलेल्या असतात.

आम्ही कधीचे भारतात परत आलो, अमरावतीला राहतो. अन्वी शाळेत जाते. गेल्या महिन्यात नणंद बाळंतपणाला माहेरी आली म्हणून मी अकोल्याला गेले होते. बाळ पोटानं हैराण, रडून रडून निळं व्हायचं. नणंदेनं बाजारातून नवी सहाण मागवली आणि आईंसमोर ठेवली. आईंनी हात पदराखाली घेतले. "मायाच्यानं नको," म्हणाल्या, "वहिनीले सांग. तिच्या घरी औषधाचं दुकान आहे, तिले समजते."

मी बसले. उगाळलं. आई बाजूला सरकून बसल्या, आणि मी मोजताना माझ्याशी बोलू नये म्हणून त्यांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं.

बाळ शांत झोपलं. नणंद म्हणाली, वहिनीच्या हाताला गुण आहे. आई म्हणाल्या, "हाये तर."

मी सहाण धुवून ठेवली.